ज्ञानाची सबील : पाणी कोण भरतो?

उन्हाळ्यात घोडनदीच्या बाजारपेठेत किंवा दौंड स्टेशनाबाहेर एखादी पाणपोई दिसली की वाटसरू थांबतो, घोटभर पाणी पितो आणि दुवा देऊन पुढे जातो. मोहरमच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यांत सबील लागते, तेव्हाही पिणाऱ्याला कोणी नाव विचारीत नाही, गाव विचारीत नाही आणि पैसे तर मुळीच मागत नाही. पण पाणी फुकट मिळाले म्हणजे ते फुकट आले, असे नव्हे. रांजण कोणी तरी विकत घेतलेला असतो, टँकरचे पैसे कोणी तरी दिलेले असतात आणि पहाटे उठून रांजण भरणारी एखादी व्यक्ती असतेच. ज्या वर्षी हे कोणी करीत नाही, त्या वर्षी सबील लागत नाही.

ज्ञानाचेही नेमके असेच आहे. सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या ज्ञानाचा खर्च आजवर कोणी उचलला, कोणत्या अटींवर उचलला, आणि आज तो कोण उचलीत आहे, याचा थोडा इतिहास पालकांपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

विषय सुचण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या परिचयातील एक विद्यार्थिनी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेते. अभ्यासक्रमातील एका प्रकल्पासाठी तिला एक संशोधनलेख हवा होता. मोबाईलवर त्याचे नाव सापडले, चार ओळींचा सारांशही वाचता आला. पण पुढचे पान उघडताच तीस-पस्तीस डॉलर भरा, अशी सूचना आली. म्हणजे एका लेखाला अडीच-तीन हजार रुपये! घरातल्या महिन्याच्या किराण्याइतकी ती रक्कम. तिने मोबाईल बंद केला आणि लेखाशिवायच प्रकल्प लिहिला. तिची चूक नव्हती आणि तिच्या वडिलांचीही नव्हती. मग ही भिंत उभी कोणी केली?

त्यासाठी संशोधन-नियतकालिक म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. शास्त्रज्ञ, डॉक्टर, प्राध्यापक आपले नवे शोध अशा नियतकालिकात प्रसिद्ध करतात. लेख आला की संपादक तो त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे तपासण्यासाठी पाठवितो. त्यांनी दाखविलेल्या चुका दुरुस्त झाल्यावरच लेख छापला जातो. गंमत अशी की, लेखकाला बहुधा मानधन मिळत नाही आणि तपासणाऱ्यालाही मिळत नाही. तरी संपादन, मुद्रितशोधन, छपाई, संगणकावरील साठवण यांना खर्च येतोच. हा खर्च परदेशांतील मोठ्या प्रकाशन कंपन्या वाचकांकडून आणि ग्रंथालयांकडून वसूल करीत आल्या, आणि पुढे पुढे खर्चापेक्षा कितीतरी अधिक वसूल करू लागल्या. याला उत्तर म्हणून २००२ साली बुडापेस्ट येथून एक जाहीरनामा निघाला. संशोधनलेख सर्वांना विनामूल्य वाचता यावेत, ही त्यातील मागणी होती. आपल्याकडे ज्या जेवणावळीत कोणालाही मज्जाव नसतो तिला ‘मुक्तद्वार’ म्हणतात. तोच शब्द घेऊन अशा नियतकालिकांना आपण मुक्तद्वार नियतकालिके म्हणू.

परंतु मुक्तद्वार जेवणाला शिधा लागतो. तो कोणी द्यायचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही.

पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. भरभराटीच्या काळात हा खर्च लाखो रुपयांच्या घरात गेला होता. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यांनी ही रक्कम पुरती बंद केली नाही. तिला मर्यादा घातली आणि तिच्या एका भागातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. पुढे १८४९ साली लोकहितवादी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीचा काही भाग मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावा. सनातन्यांनी मोठे काहूर माजविले. अर्ज करणाऱ्यांना मारहाण होण्याचे भय होते, तेव्हा जोतीराव फुले यांनी त्यांच्या संरक्षणासाठी माणसे उभी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली आणि मराठी ग्रंथलेखनाला तिचा आधार मिळाला. म्हणजे तिजोरी तीच होती, पैसाही तोच होता. फक्त तो कोणासाठी खर्च व्हावा हे बदलले. तेवढ्यासाठीही झगडावे लागले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा मार्ग वर्गणीचा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, ते वर्गणीदारांच्या भरवशावर. वर्गणीदार मोजकेच असल्यामुळे १८४० साली ते बंद पडले. त्यानंतर ऐंशी वर्षांनी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी याच मार्गाने फार मोठे धाडस केले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेल्या या विद्वानाने मराठीत ज्ञानकोश करायचे ठरविले. सरकारी मदत नव्हती. त्यांनी नागपुरास कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून ग्राहक मिळविले आणि १९२० पासूनच्या दशकात तेवीस खंड पूर्ण केले. पण पुढील आयुष्यात आर्थिक ओढाताणीने त्यांची पाठ सोडली नाही. आज हाच ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे. केतकरांच्या काळी ज्याला ग्राहक शोधावे लागत होते, तो ग्रंथ आज आपल्या मुलाला घरबसल्या वाचता येतो.

उर्दूतही असे घडले आहे. १८७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामने उर्दू संशोधन संस्था उभी केली आणि तिच्यातर्फे १९५० पासून ‘नवा-ए-अदब’ हे त्रैमासिक निघू लागले. एका शिक्षणसंस्थेने केवळ शाळा चालवून न थांबता संशोधनाचे नियतकालिकही चालवावे, ही गोष्ट आपल्यासारख्या लहान संस्थांनी आवर्जून लक्षात घेण्यासारखी आहे.

तिसरा मार्ग सरकारचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली आला आणि विसावा २०१५ साली. इतका दीर्घ पल्ला खाजगी प्रकाशकाला झेपला नसता. राज्य शासनाने खर्च उचलला, आणि म्हणूनच आज विश्वकोश सर्वांना विनामूल्य खुला आहे. मात्र सरकारी कामाची चाल सर्वांना ठाऊक आहेच. पहिल्या खंडापासून विसाव्यापर्यंत चाळीसएक वर्षे लागली.

चौथा मार्ग ठेवीचा, आणि तो आपल्या समाजाला सर्वांत जास्त परिचित असावयास हवा. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१२ साली दोन लाख रुपये वेगळे काढून ठेवले. मूळ रकमेस हात लावायचा नाही, केवळ व्याजातून मराठी-गुजराती ग्रंथ छापायचे, अशी योजना होती. ‘श्री सयाजी साहित्यमाला’ ही तिचीच फलश्रुती. वक्फची कल्पना तरी याहून वेगळी कोठे आहे? जमीन, दुकान, बाग यांचे मूळ कायम राखायचे आणि उत्पन्न ठरलेल्या कामासाठी वापरायचे. मोरोक्कोतील फेज शहरी ८५९ साली फातिमा अल-फिहरी या स्त्रीने वडिलांकडून आलेल्या संपत्तीतून अल्-करवियीन मशीद बांधली, अशी परंपरा सांगते. तेथे पुढे मोठे विद्यापीठ आणि ग्रंथालय वाढले आणि वक्फच्या उत्पन्नावर ते शतकानुशतके टिकले. दान देणारा निघून जातो, पण दानाची व्यवस्था नीट केलेली असेल तर ती राहते. ‘सदका-ए-जारिया’ म्हणजे तरी दुसरे काय?

आता आपल्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. मुक्तद्वार नियतकालिकांच्या इतिहासात मुंबईचे एक उदाहरण मोलाचे आहे.

परळचे के. ई. एम. रुग्णालय आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. शिरूर-दौंडकडचे रुग्णही तेथवर जातात. या रुग्णालयाचे १९२६ साली उद्घाटन झाले. त्याला जोडलेल्या महाविद्यालयाला शेठ गोर्धनदास सुंदरदास यांचे नाव आहे. त्यांच्या संपत्तीतून विश्वस्तांनी देणगी दिली, ती येथे भारतीय डॉक्टरांनाच नेमावे या अटीवर. त्या काळी वरच्या जागा इंग्रजांसाठी राखीव असत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अटीचे महत्त्व कळते. देणगीदाराने केवळ पैसा दिला नाही, दिशाही दिली.

याच महाविद्यालयातील अध्यापकांच्या स्टाफ सोसायटीने १९५५ साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे त्रैमासिक सुरू केले. रुग्ण तपासून, विद्यार्थ्यांना शिकवून उरलेल्या वेळात डॉक्टर मंडळी हे काम करीत. नवे शतक उजाडत असताना या मंडळींनी नियतकालिक संगणकावर जगाला विनामूल्य खुले केले. जुने अंकही टप्प्याटप्प्याने चढविले. लेखकाकडून शुल्क घेतले नाही आणि संगणकावर वाचणाऱ्याकडूनही घेतले नाही. छापील अंकाची वर्गणी आणि जाहिराती यांवर खर्च भागविला गेला.

फुकट वाचायला मिळाल्यावर छापील अंक कोण घेणार, अशी शंका कोणाही व्यवहारी माणसाला येईल. चालकांचा अनुभव मात्र उलट आला. जगभर वाचक वाढले, परदेशांतून लेख येऊ लागले, इतर संशोधक या लेखांचा अधिक उल्लेख करू लागले आणि छापील अंकाची मागणीही घटली नाही. बालरोगतज्ज्ञ डॉ. देवकिशिन साहू यांनी हीच रीत इतर नियतकालिकांसाठी वापरण्याकरिता ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था मुंबईत चालविली. देशभरातील अनेक वैद्यकीय संस्थांची नियतकालिके तिच्यामार्फत विनामूल्य वाचता येऊ लागली. दारात पाटी न लावता मुंबईच्या या मंडळींनी जगाला एक धडा घालून दिला.

आणि येथेच आफ्रिकेचा संबंध येतो. १९९३ साली ‘बायोलाइन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. गरीब देशांत निघणारी, पण जगाच्या नजरेस न पडणारी विज्ञान-नियतकालिके एका ठिकाणी वाचायला मिळावीत, असा त्याचा हेतू होता. कॅनडातील टोरांटो विद्यापीठ व ब्राझीलमधील मंडळींनी तो पुढे चालविला. या एकाच फळीवर मुंबईचे हे त्रैमासिक आणि युगांडातील मकेरेरे विद्यापीठातून २००१ पासून निघणारे ‘आफ्रिकन हेल्थ सायन्सेस’ शेजारी-शेजारी बसले. परळ आणि कंपाला यांची अडचण एकच होती. रोग आपले, रुग्ण आपले, डॉक्टर आपले. पण त्यांच्याविषयीचे ज्ञान परक्या कपाटात कुलूपबंद.

आफ्रिका खंड विद्येला नवखा नाही. माली देशातील टिंबक्टू शहरच्या घरोघरी शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखिते जपलेली होती. २०१२ साली तेथे सशस्त्र गटांनी ताबा घेतला, तेव्हा ग्रंथपालांनी आणि सामान्य कुटुंबांनी ती पेट्यांत भरून गुपचूप बामाको येथे हलविली. पण आधुनिक संशोधनाच्या बाजारात त्याच आफ्रिकेचा आवाज क्षीण राहिला. तो ऐकू जावा म्हणून १९९८ साली ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’ हा उपक्रम थोड्या नियतकालिकांनिशी निघाला. २००५ साली त्याचा कारभार इंग्लंडमधून दक्षिण आफ्रिकेत आला, म्हणजे आफ्रिकेच्या ज्ञानाची किल्ली आफ्रिकेच्या हाती आली. आज त्यावर पाचशेहून अधिक नियतकालिके आहेत. २०२४ साली या संस्थेने इतर दोन संस्थांबरोबर तीन वर्षांचा उपक्रम हाती घेतला, तो लेखक व वाचक दोघांकडूनही पैसे न घेणाऱ्या आफ्रिकी नियतकालिकांना बळ देण्यासाठी. त्याला पैसा मिळाला तो ब्रिटनमधील वेलकम या न्यासाकडून. हेन्री वेलकम हे औषधांचे व्यापारी. ते १९३६ साली वारले आणि मृत्युपत्राने त्यांची संपत्ती आरोग्यविषयक संशोधनासाठी न्यासाकडे गेली. एका व्यापाऱ्याच्या ठेवीचे उत्पन्न जवळजवळ नव्वद वर्षांनी आफ्रिकेतील विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते आहे.

वाचकांनी येथे एक प्रश्न विचारावा. लेखक व वाचक दोघांकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, यावर एवढा भर का? कारण मुक्तद्वाराची एक फसवी तऱ्हाही निघाली आहे. तीत वाचकासाठी दार उघडे असते, पण लेखकासाठी बंद! लेख छापण्याबद्दल लेखकाकडूनच शुल्क घेतले जाते. परदेशांतील नामांकित नियतकालिकांत ही रक्कम पुष्कळदा दोन-तीन हजार डॉलर, म्हणजे आपल्याकडचे दोन लाखांहून अधिक रुपये असते. श्रीमंत विद्यापीठ ती भरते. तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने काय करावे? पूर्वी गरीब माणसाला वाचता येत नव्हते, आता लिहिता येत नाही. शिवाय पैसे भरले की काहीही छापून देणारी लुबाडू नियतकालिकेही बोकाळली आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांपासून फार सावध असावे.

दुसरा धोका मालकीचा. मुंबईत वाढलेली ‘मेडनो’ २०११ साली वोल्टर्स क्लुवर या बड्या परदेशी प्रकाशन कंपनीने विकत घेतली. यात गैर काही नाही. धंद्यात संस्था विकल्या जातात. पण पाणपोईची जागाच कोणाच्या तरी मालकीची असेल, तर पाणी कसे वाटायचे हे उद्या तो मालक ठरवू शकतो. वक्फ करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी मूळ मालमत्ता विकता येऊ नये अशी तजवीज का केली, याचे उत्तर येथे मिळते.

आपल्या सरकारनेही या प्रश्नाकडे लक्ष दिले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी संस्था, असा तिचा पसारा आहे. सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना तिचा मोठा फायदा होईल, यात शंका नाही. परंतु वर्गणी ती वर्गणीच. मुदत संपली की पुन्हा पैसे भरणे आले. आणि खाजगी संस्थेत शिकणारी आमची ती विद्यार्थिनी दाराबाहेरच राहिली. या रकमेचा लहानसा हिस्सा जरी आपल्या देशातील विनामूल्य नियतकालिके उभी करण्याकडे वळला, तरी ते पाणी कायमचे आपल्या विहिरीचे होईल, असे आम्हास नम्रपणे वाटते.

कोणी म्हणेल, शिरूर-दौंडच्या माणसाला याच्याशी काय करायचे आहे? त्याने महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे उदाहरण पाहावे. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत. या खेड्यातील डॉक्टरने रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, रक्तदाब व हृदय यांवर विषाचा काय परिणाम होतो ते टिपले, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने असंख्य प्राण वाचविले. १९८२ साली त्यांचा लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू कोकणातला, रुग्ण कोकणातले, डॉक्टर मराठी. पण शोध वाचायचा तर लंडनचे महागडे नियतकालिक हवे. उसाच्या फडात आणि कांद्याच्या चाळीत काम करणाऱ्या आपल्या माणसालाही विंचू चावतो. त्याच्यावर उपचार करणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला असा लेख विनामूल्य आणि वेळेवर वाचायला मिळणे, ही चैनीची बाब नव्हे.

मग आपण काय करावे? मोठमोठ्या गोष्टींची आवश्यकता नाही. पालकांनी एवढे करावे : मुलाच्या हातात मोबाईल देतो, तेव्हा विश्वकोश, ज्ञानकोश आणि मुक्तद्वार नियतकालिके त्यावर विनामूल्य मिळतात, हे त्याला सांगावे, ठाऊक नसेल तर शिक्षकांना विचारावे. विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या नोट्सपलीकडे वर्षातून निदान दोन मूळ संशोधनलेख वाचावेत. इंग्रजी अवघड वाटेल, तरी शब्दकोश घेऊन बसावे. आणि समाजातील चार पैसे बाळगून असणाऱ्यांनी शिष्यवृत्तीबरोबरच एका वाचनकक्षाचा विचार करावा. तेथे दोन-तीन संगणक असावेत, संध्याकाळी मुला-मुलींना बसता यावे, आणि लेख शोधून देणारा एखादा जाणता तरुण असावा. ही रक्कम एका लग्नातील मंडपाच्या खर्चाहून फारशी अधिक होणार नाही. मात्र ती एकदाच देऊन विसरून जाण्यापेक्षा ठेव म्हणून ठेवावी, हिशेब दरवर्षी जाहीर करावा आणि मुद्दलाला हात लावू नये. दक्षिणेपासून वेलकमपर्यंतचा सारा इतिहास हेच शिकवितो.

त्या विद्यार्थिनीची हकीगत अपुरी राहिली. पुढे एका शिक्षिकेने तिला मुक्तद्वार नियतकालिके कशी शोधायची ते दाखविले. तोच विषय दुसऱ्या एका डॉक्टरांनी हाताळलेला लेख तिला मिळाला, पैसा न देता. तो वाचून तिने प्रकल्प पुन्हा लिहिला. लेखाच्या तळाशी छापखान्याचे, तपासनिसांचे किंवा खर्च उचलणाऱ्यांचे आभार होते की नाही, हे तिने पाहिले नाही. पाणी पिणारा रांजण कोणी भरला हे पाहत नाही, आणि त्याने पाहावे अशी अपेक्षाही नसते. पण ती शिकून कमावती होईल, तेव्हा एक घागर तिनेही भरावी, इतकी अपेक्षा तिच्याकडून आणि आपणा सर्वांकडून करायला हरकत नाही.